अ‍ॅन मोब्रेचे लग्न: नॉरफोकची जहागीर राजघराण्यात कशी वळवली

15 जानेवारी 1478 रोजी वेस्टमिन्स्टर राजवाड्यातल्या सेंट स्टीफन चॅपलमध्ये एक लग्न लागले. वधू अ‍ॅन मोब्रे, वय पाच वर्षे एक महिना. वर म्हणजे इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड याचा धाकटा मुलगा रिचर्ड, ड्यूक ऑफ यॉर्क, वय चार वर्षे पाच महिने. मध्ययुगीन इंग्लंडमधल्या सरदारांच्या बालविवाहांची गोष्ट निघाली की या लग्नाचा उल्लेख हमखास होतो, पण तो लहानग्या जोडप्याच्या कौतुकापुरता किंवा हळहळीपुरता. आम्हाला त्यातला जमिनीचा व्यवहार महत्त्वाचा वाटतो. राजाला जी मिळकत हवी होती ती नुसत्या लग्नाने हाती लागत नव्हती. म्हणून त्याने टप्प्याटप्प्याने अशी तजवीज केली की शेवटी ती मुलगी जिवंत असण्याचीही गरज उरली नाही.

वारसा

अ‍ॅनचा जन्म 10 डिसेंबर 1472 रोजी सफोक परगण्यातल्या फ्रॅमलिंगमच्या किल्ल्यात झाला. बाप जॉन मोब्रे, नॉरफोकचा चौथा ड्यूक. आई एलिझाबेथ टॅलबट, अर्ल ऑफ श्रूजबरीची मुलगी. या दोघांचे लग्नही बालपणीच झालेले होते. 1448 संपण्यापूर्वी ते झाले, तेव्हा नवरा जेमतेम चार वर्षांचा होता. एवढ्या लवकर लग्न लावूनही पहिले आणि एकमेव अपत्य चोवीस वर्षांनी झाले. लवकर लग्न म्हणजे लवकर वारस, हा हिशेब त्या घरातच चुकलेला होता.

जानेवारी 1476 मध्ये ड्यूक फ्रॅमलिंगमला अचानक वारला. वय एकतीस. धडधाकट माणूस एका रात्रीत गेल्यामुळे सगळा पूर्व इंग्लंड हादरला. काहींना मात्र लगेच मार्ग मोकळा झाला: ड्यूकने 1469 मध्ये वेढा घालून बळकावलेला केस्टरचा किल्ला पॅस्टन कुटुंबाने त्याच वर्षी परत मिळवला.

इंग्लंडच्या रिवाजात थोरला मुलगा सगळे घेई. मुलगा नसेल तर मुलींना सारखे वाटे मिळत, आणि मुलगी एकच असेल तर सारी जहागीर तिची. अ‍ॅनला भाऊ नव्हता, बहीण नव्हती. नॉरफोक, सफोक, ससेक्स, सरे, लिंकनशर, लेस्टरशर अशा कित्येक परगण्यांत पसरलेली मोब्रेंची मिळकत तीन वर्षांच्या या पोरीच्या नावावर आली. जणू चालताबोलता सातबाराच.

लग्न ठरवण्याचा हक्क कोणाचा

थेट राजाकडून जमीन धरणारा सरदार अज्ञान वारस मागे ठेवून मेला, की त्या वारसाचे पालकत्व राजाकडे जाई. आधी परगण्यातला राजाचा अधिकारी स्थानिक पंचांना बसवून चौकशी करी: मयताकडे कोणती जमीन होती, ती कोणत्या अटीवर होती, तिचे वार्षिक उत्पन्न किती, जवळचा वारस कोण आणि त्याचे वय किती. या चौकशीचे कागद आजही आहेत. अनेक सरदारांच्या मुलांची वये आपल्याला कळतात ती त्यांच्यावरूनच.

पालकत्वात दोन वेगवेगळ्या गोष्टी येत आणि दोन्ही विकाऊ होत्या. एक, वारस सज्ञान होईपर्यंत जमिनीचे उत्पन्न. दोन, वारसाचे लग्न ठरवण्याचा अधिकार. मुलगा एकविसाव्या वर्षी मोकळा होई. अविवाहित मुलगी बापाच्या मृत्यूच्या वेळी चौदा वर्षांची असेल तर पालकत्वाचा प्रश्नच येत नसे. त्याहून लहान असेल तर 1275 च्या कायद्यानुसार सोळाव्या वर्षापर्यंत तिला अडकवता येई. या अधिकाराला एकच खरी मर्यादा होती: वारसाचे लग्न त्याच्या दर्जाखालच्या घरात लावू नये. हे दोन्ही हक्क राजे सहसा दरबारातल्या मर्जीतल्या माणसाला देत किंवा विकत. घेणारा ते लग्न आपल्याच मुलाशी किंवा मुलीशी लावून देई. बालविवाहांचा मोठा भाग इथून येतो. हाती आलेला हक्क वारस मोठा होईपर्यंत नुसता सांभाळला, तर मधल्या काळात वारस मरू शकतो, राजा बदलू शकतो, पालक स्वतः मरू शकतो. म्हणून घाई.

अ‍ॅनच्या बाबतीत एडवर्डने हक्क विकला नाही, घरातच ठेवला. 12 जून 1476 रोजी, म्हणजे ड्यूक वारल्यावर पाच महिन्यांत, छोट्या रिचर्डला अर्ल ऑफ नॉटिंगम केले गेले. हे मोब्रेंच्या घराण्यातले पद. 7 फेब्रुवारी 1477 रोजी त्याला ड्यूक ऑफ नॉरफोक आणि अर्ल वॉरेन हीही पदे मिळाली. लग्नाला अजून अकरा महिने होते आणि सासऱ्याच्या पदव्या जावयाच्या नावावर चढूनही झाल्या होत्या.

चर्चचे नियम, आणि ते या जोडप्याला कुठे नडत होते

विवाह वैध की अवैध हे चर्चची न्यायालये ठरवत. त्यांचे वयाचे टप्पे ठरलेले होते. सात वर्षे पूर्ण झाल्यावर वाङ्निश्चय करता येई. मुलीला बारा आणि मुलाला चौदा पूर्ण झाल्यावर खरा विवाह होई, कारण विवाह म्हणजे दोघांची स्वतःची संमती आणि त्याआधी संमती देण्याइतकी समज नसते असे चर्च मानी. लहानपणी लावलेले लग्न या वयाला पोचल्यावर नाकारता येई. नाकारले नाही आणि एकत्र राहू लागले की ते पक्के होई. (बारा आणि चौदा ही मर्यादा इंग्लंडच्या कायद्यात 1929 पर्यंत टिकली. आपल्याकडचा सारडा कायदाही त्याच वर्षीचा.)

नाकारण्याचा हक्क कागदावरचाच होता असे कोणी म्हणेल. सासरच्या वाड्यात वाढलेल्या बारा वर्षांच्या मुलीने भर न्यायालयात नाही म्हणणे किती कठीण असेल हे उघड आहे. तरी हक्क होता, आणि कुटुंबाचे बेत बदलले की तो वापरलाही जाई. मराठी वाचकाने इथे रखमाबाईंचा खटला आठवावा. 1884 मध्ये त्यांच्या नवऱ्याने मुंबई उच्च न्यायालयात वैवाहिक हक्क परत मिळवण्याचा जो दावा लावला, तो दाव्याचा प्रकार इंग्लंडच्या याच चर्च-न्यायालयांतून आलेला. बायकोला नांदायला लावण्याचे हत्यार भारतात पोचले. वयात आल्यावर लग्न नाकारण्याची त्याच चर्च-कायद्यातली सोय मात्र पोचली नाही.

अ‍ॅन आणि रिचर्ड यांना सात वर्षेही झालेली नव्हती. चर्चच्या काटेकोर हिशेबाने 15 जानेवारीला जे झाले ते वाङ्निश्चयाच्याही अलीकडचे होते. अ‍ॅन 10 डिसेंबर 1484 रोजी बारा वर्षांची झाली असती, रिचर्ड 17 ऑगस्ट 1487 रोजी चौदाचा. म्हणजे समारंभानंतर साडेनऊ वर्षे हे लग्न पक्के होऊ शकत नव्हते.

दुसरी अडचण नात्याची. वधूची पणजी कॅथरिन नेव्हिल आणि वराची आजी सेसिली नेव्हिल या सख्ख्या बहिणी. चर्च चौथ्या पिढीपर्यंतच्या नात्यात लग्न होऊ देत नसे, पण पोपची विशेष परवानगी असेल तर चाले. इंग्लंडचे सरदार पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांतच सोयरिकी करत, त्यामुळे अशी परवानगी मागवणे हे मोठ्या लग्नांच्या तयारीतले नेहमीचे काम होते. ती मागवायची राहिली, किंवा अर्जात नाते चुकीचे सांगितले, तर पुढे कोणीही लग्नावर बोट ठेवून वारस अनौरस ठरवू शके.

समारंभ

आदल्या दिवशी अ‍ॅनला राजवाड्यात आणले. लग्नाच्या सकाळी राणीचा भाऊ अर्ल रिव्हर्स आणि राजाचा भाचा अर्ल ऑफ लिंकन यांनी तिला हाताला धरून चॅपलपर्यंत नेले. आत जरीच्या छताखाली राजा, राणी, युवराज, राजकन्या आणि राजमाता सेसिली उभ्या होत्या. दाराशी एका धर्मपंडिताने रिवाजाप्रमाणे हरकत घेतली: दोघांत रक्ताचे नाते आहे, पोपच्या परवानगीवाचून हे लग्न लागू शकत नाही. त्यावर राजाच्या चॅपलचे प्रमुख जॉन गंथॉर्प यांनी पोपचे फर्मान पुढे केले. हरकत आणि उत्तर दोन्ही ठरवून ठेवलेली होती, कारण परवानगी सगळ्यांसमक्ष दाखवली गेली की पुढे कोणाला माहीत नव्हते म्हणायची सोय राहत नाही. मग नॉर्विचच्या बिशपने विचारले, या मुलीचे दान कोण करतो? बाप हयात नव्हता. कन्यादान राजाने केले, म्हणजे वराच्या बापाने.

नंतर राजाचा भाऊ रिचर्ड, ड्यूक ऑफ ग्लॉस्टर, याने तबकातून सोन्यारुप्याची नाणी लोकांत उधळली. मेजवानीला वधूला घेऊन जाणाऱ्यांतही तो होता. 22 जानेवारीला भाल्यांचे आणि तलवारींचे सामने झाले. बक्षिसे होती ए, ई आणि एम ही सोन्याची अक्षरे, त्यात हिरा, माणिक आणि पाचू जडवलेले. समारंभानंतर मुले नवराबायको म्हणून एकत्र राहत नसत. वधू सासरच्या देखरेखीत वाढे, शिके आणि वयाची वाट पाहिली जाई.

जमिनीचा पेच

लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी, 16 जानेवारीला, संसद भरली. ही संसद इतिहासात राजाचा भाऊ क्लॅरन्स याला देशद्रोही ठरवणारी म्हणून ओळखली जाते. मोब्रे मिळकतीचा बंदोबस्तही तिच्यातच झाला, आणि तो का करावा लागला हे समजण्यासाठी इंग्लिश कायद्यातला नवऱ्याचा हक्क पाहावा लागतो.

बायको वारस असेल तर तिच्या हयातीत जमिनीचा कारभार आणि उत्पन्न नवऱ्याकडे. ती मेली की जमीन तिच्या रक्ताच्या वारसांकडे परत. याला एकच अपवाद होता: तिला नवऱ्यापासून मूल झालेले असेल आणि ते जिवंत जन्मले असेल, तर नवऱ्याला तिची जमीन स्वतःच्या मरणापर्यंत ठेवता येई. मूल पुढे जगलेच पाहिजे अशी अट नव्हती. पुरावा म्हणून चार भिंतींच्या आत त्याचे रडणे ऐकू आलेले पुरे.

या एका नियमाने बालवधूंचे किती हाल केले हे मार्गारेट बोफर्टच्या आयुष्यात दिसते. तिचे पहिले लग्न लहानपणी झाले होते आणि 1453 मध्ये रद्द झाले. 1455 मध्ये, बाराव्या वर्षी, तिला एडमंड ट्यूडरला दिले. चर्चच्या हिशेबाने ती नुकतीच विवाहयोग्य झाली होती. शहाणी घरे मात्र मुलगी चौदा-पंधराची होईपर्यंत शरीरसंबंध लांबवत, कारण लहान वयातले बाळंतपण जीवावर बेतते हे त्यांना पक्के ठाऊक होते. ट्यूडर थांबला नाही. मूल झाले की बायकोच्या जमिनीवर त्याचा आजन्म हक्क लागणार होता, आणि आमच्या मते त्याच्या घाईचे कारण तेच. प्रत्यक्षात तो नोव्हेंबर 1456 मध्ये साथीत मेला. 28 जानेवारी 1457 रोजी पेम्ब्रोकच्या किल्ल्यात तेरा वर्षांच्या विधवेला मुलगा झाला, तो पुढे इंग्लंडचा राजा सातवा हेन्री. मार्गारेटने आणखी दोन लग्ने केली, पण तिला पुन्हा मूल झाले नाही. 1498 मध्ये नात मार्गारेट ट्यूडरचे लग्न स्कॉटलंडच्या राजाशी ठरत होते, तेव्हा पोरीला इतक्यात पाठवू नये म्हणून आजीनेच विरोध केला. स्कॉटलंडचा राजा धीर धरणार नाही आणि मुलीच्या जीवाला धोका होईल अशी तिची भीती असल्याचे खुद्द हेन्रीने स्पॅनिश वकिलाला सांगितले.

आता अ‍ॅनकडे परत. तिला मूल होण्याची शक्यता 1487 च्या आधी नव्हतीच. तोवर ती मेली तर राजपुत्राला वितभर जमीनही मिळणार नव्हती. सगळे तिच्या पणजोबांच्या दोन बहिणींच्या वंशाकडे गेले असते. त्या बहिणींचे वारस असलेले दोन मुलगे तेव्हा हयात होते: विल्यम बार्कली आणि जॉन हॉवर्ड. दोघेही पन्नाशीचे, दोघेही वजनदार. हॉवर्ड तर एडवर्डचा जुना, विश्वासू सेवक.

लहान मुले मरत, हे त्या काळी प्रत्येक घराला माहीत होते. एडवर्डने तोच धोका आधी बांधून घेतला. 1478 च्या कायद्याने ठरले की अ‍ॅन निपुत्रिक मेली तरी जहागीर रिचर्डकडे त्याच्या हयातीपर्यंत राहील. बार्कलीशी सौदा झाला. टॅलबट कुटुंबाला लिहून दिलेल्या प्रचंड रकमेच्या रोख्यांखाली तो दबलेला होता. त्या ओझ्यातून राजाने त्याला सोडवायचे आणि त्याने आपला वारसाहक्क राजपुत्रासाठी सोडायचा. 1481 च्या एप्रिलमध्ये त्याला व्हायकाउंट पदही मिळाले. हॉवर्डला काहीच मिळाले नाही. एका प्रामाणिक माणसाचा रक्ताचा वारसा संसदेच्या ठरावाने बाजूला सारला गेला.

तिसरा अडथळा विधवांचा. इंग्लिश कायद्यात विधवेला नवऱ्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा हयातभर मिळे; शिवाय लग्नात दोघांच्या नावे करून दिलेली जमीन असे ती वेगळीच. मोब्रेंच्या मिळकतीवर हे ओझे विलक्षण होते. पणजी कॅथरिन नेव्हिल 1432 मध्ये विधवा झाली, त्यानंतर तिने आणखी तीन लग्ने केली, आणि पन्नास वर्षे आपला वाटा धरून ठेवला. मुलगा 1461 मध्ये गेला, नातू 1476 मध्ये, पणती 1481 मध्ये. कॅथरिन सगळ्यांना मागे टाकून 1483 पर्यंत जगली. वारस मुलगी पैसेवाली वाटते, पण तिच्या हाती येई तो विधवांचे वाटे वजा जाऊन उरलेला भाग. हे न तपासता वारसाचे लग्न विकत घेणारे पस्तावत. कॅथरिनकडून जमीन काढून घेणे राजाला जमले नाही. ती त्याची सख्खी मावशी. अ‍ॅनची आई एलिझाबेथ मात्र एकटी होती. तिला आपल्या वाट्यातला बराच भाग मुलीच्या लग्नासाठी सोडायला लावले गेले आणि बदल्यात त्याहून बरीच कमी मिळकत दिली. नवरा गेला, मुलगी दरबारात गेली, आणि वर जमीनही गेली.

19 नोव्हेंबर 1481

अ‍ॅन ग्रिनिचच्या राजवाड्यात वारली. नववा वाढदिवस तीन आठवड्यांवर आला होता. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीतल्या सेंट इरॅस्मस चॅपलमध्ये तिला पुरले. पुढे सातव्या हेन्रीचे नवे चॅपल बांधण्यासाठी ती जागा पाडली, तेव्हा तिची शवपेटी लंडनच्या पूर्वेला ऑल्डगेटजवळच्या जोगिणींच्या मठात हलवली गेली. तिच्या आईने आयुष्याची अखेरची वर्षे त्याच मठाच्या आवारात काढली.

डिसेंबर 1964 मध्ये त्या भागात खोदकाम करताना मजुरांना शिशाची छोटी पेटी सापडली. ओळख पटली ती तिच्यावरच्या लॅटिन पट्टीमुळे. पट्टीवरचा मजकूर मुद्दाम वाचण्याजोगा आहे: इथे अ‍ॅन आहे, यॉर्कची डचेस, नॉरफोकचा दिवंगत ड्यूक जॉन याची मुलगी आणि वारस, मग बापाच्या पदव्यांची यादी, मग रिचर्डची पत्नी, मग सासऱ्याच्या पदव्या, शेवटी मृत्यूचे ठिकाण आणि तारीख. वय कुठेही लिहिलेले नाही. पेटीत तांबूस केस होते. जबड्यात काही कायमचे दात मुळातच आलेले नव्हते, आणि हे आनुवंशिक असू शकते म्हणून लंडन टॉवर या किल्ल्यात 1674 मध्ये सापडलेल्या, रिचर्ड आणि त्याच्या थोरल्या भावाची मानल्या गेलेल्या हाडांशी त्याची तुलना आजही केली जाते. मे 1965 मध्ये तिला पुन्हा अ‍ॅबीत पुरण्यात आले.

जहागिरीच्या दृष्टीने तिच्या मृत्यूने काहीच बदलले नाही. ठरल्याप्रमाणे सगळे रिचर्डकडे राहिले, आणि 1483 च्या जानेवारीत भरलेल्या संसदेने त्यावर पुन्हा शिक्कामोर्तब केले. आठ वर्षांचा विधुर नॉरफोकचा मालक राहिला, हॉवर्ड पुन्हा बाहेर.

तजवीज कुठे फसली

एडवर्डने सूनबाईच्या मृत्यूची तरतूद केली, तिच्या नातलगांची केली, तिच्या आईची केली. स्वतःच्या मृत्यूची केली नाही. 9 एप्रिल 1483 रोजी तो चाळिशीत वारला. संसदेच्या बळावर उभी केलेली मालकी राजाची सत्ता टिकेल तोवरच टिकते. रक्ताच्या वारशाला जो लोकमान्य आधार असतो तो तिला नसतो. 16 जूनला राणीने छोट्या रिचर्डला वेस्टमिन्स्टरच्या आश्रयातून बाहेर सोडले आणि तो टॉवरमध्ये गेला, जिथे त्याचा थोरला भाऊ, बापामागून राजा झालेला पाचवा एडवर्ड, आधीच होता. 26 जूनला त्याचा काका, लग्नात नाणी उधळणारा ग्लॉस्टर, तिसरा रिचर्ड म्हणून राजा झाला. दोनच दिवसांनी, 28 जूनला, हॉवर्ड नॉरफोकचा ड्यूक झाला आणि बार्कली अर्ल ऑफ नॉटिंगम. मोब्रेंची मिळकत दोघांत वाटली गेली. या पदव्या ज्याच्या नावे होत्या तो मुलगा टॉवरमध्येच होता. त्या उन्हाळ्यानंतर तो कोणाला दिसला नाही. हॉवर्डला इतक्या तातडीने मिळालेले पद हा राजपुत्रांच्या खुनाचा पुरावा आहे असे काही जण मानतात. आम्हाला ते ओढूनताणून आणलेले वाटते. मुलगा अनौरस ठरवला की राजाला त्याची पदे काढून घेता येत होती, त्यासाठी त्याला मारावे लागत नव्हते.

अनौरस ठरवण्याचे कारण मोब्रेंच्या सोयऱ्यांतूनच निघाले. एडवर्डने राणीशी लग्न करण्यापूर्वी एलेनॉर टॅलबटशी विवाह ठरवला होता, म्हणून राणीची मुले औरस नाहीत, असा तिसऱ्या रिचर्डचा दावा. 1484 च्या संसदेने तो मान्य केला. एलेनॉर ही अ‍ॅनच्या आईची सख्खी बहीण.

हॉवर्ड 1485 मध्ये बॉसवर्थच्या लढाईत सातव्या हेन्रीविरुद्ध तिसऱ्या रिचर्डच्या बाजूने लढताना पडला आणि त्याची जहागीर जप्त झाली. त्याच्या मुलाने 1514 मध्ये ड्यूक पद परत मिळवले, आणि आजचे नॉरफोकचे ड्यूक हॉवर्ड घराण्यातलेच आहेत. बार्कलीने मात्र सातव्या हेन्रीकडून मार्क्विस पद मिळवण्यासाठी बार्कलीच्या किल्ल्यासह आपली मोठी मिळकत राजा आणि त्याच्या पुरुष वंशजांच्या नावे करून दिली. 1492 मध्ये तो वारला तेव्हा त्याचा सख्खा भाऊ मॉरिस याच्या हाती जवळपास काही उरले नव्हते. एकेक गाव सोडवण्यासाठी मॉरिसला न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. किल्ला त्या घराण्याकडे परत आला तो 1553 मध्ये, हेन्रीचा पुरुष वंश संपल्यावर.